सत्त्याहत्तर नापास

जालना
९ नोव्हेंबर २००५

प्रिय गिरिधर,

‘प्रिय’ हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. खोडणार होते, पण मग पान बदलावं लागलं असतं, आणि तुझ्यासाठी दुसरं पान खर्च करायची माझी तयारी नाही. तेव्हा ते तसंच राहू दे. तू मनावर घेऊ नकोस.

तुझ्या कंपनीची स्मरणिका दिवाळीच्या आदल्या दिवशी कुरिअरनं पोचली. अठराव्या पानावर तुझा फोटो आहे. हाताची घडी, गळ्यात टाय, मागे जाड पुस्तकांचं कपाट. त्यातली चार तरी तू उघडली असशील असं धरून चालते. फोटोखाली छापलंय, ‘मूळचे औरंगाबादचे’. अरे, परतूरनं तुझं काय वाकडं केलं होतं? तुझे वडील शरदचंद्र सर तिथल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होते. तू रोज सकाळच्या पॅसेंजरनं परतूरहून जालन्याला यायचास, स्टेशनपासून आपल्या दोघांच्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत पायी यायचास आणि वर येण्याआधी जिन्यात थांबून रुमालानं बूट पुसायचास. मला वाटायचं, किती टापटीप आहे हा. आता कळतं, तू तेव्हापासूनच परतूर पुसून काढत होतास. पुण्यात जाऊन ते काम पूर्ण झालं म्हणायचं.

स्मरणिकेत तुझी चिठ्ठीही होती. ‘शरयू, लेख वाच आणि तुझं परखड मत कळव.’ परखड हा शब्द तुझा आहे, तेव्हा पुढचं वाचताना तक्रार चालणार नाही.

लेखाचं नाव ‘क्लास डिझाइन : काही अनुभव, काही चिंतन’. चिंतन पहिल्या दोन पानांत उरकलंय. इनहेरिटन्स समजावताना तू लिहितोस की प्राणी हा मूळ क्लास, म्हणजे साचा, आणि कुत्रा व मांजर ही त्याची लेकरं. गिरिधर, हे कुत्रं-मांजर प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या जाव्हाच्या प्रत्येक पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात असतं. आपल्या क्लासात तू चार वर्षं हेच शिकवलंस, दर बॅचला फळ्यावर तेच मांजर काढलंस, शेपटीसकट. मला वाटलं होतं पुण्याला मोठ्या कंपनीत गेल्यावर निदान बैलापर्यंत तरी पोचशील. आणि ओव्हरलोडिंग व ओव्हररायडिंग या दोन गोष्टी तू एकाच परिच्छेदात गुंडाळल्यास, एका वाक्यात तर अदलाबदलही केलीस. एकाच नावाच्या दोन मेथड, म्हणजे आकडा घेऊन उत्तर देणारे प्रोग्रॅमचे दोन तुकडे, एकीला एक प्रकारचा माल चालतो, दुसरीला दुसरा, हे ओव्हरलोडिंग. आईनं दिलेली मेथड लेकीनं आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहायची, हे ओव्हररायडिंग. माझ्याकडे बारावी नापास झालेली पोरं येतात, त्यांनाही हा फरक दुसऱ्या आठवड्यात सांगता येतो. तुला मात्र हा फरक कधीच नीट कळला नाही, आणि कळला तेव्हा तू तो लपवलास. हे मी उगाच बोलत नाही. पुढे येईलच.

तुझ्या तिसऱ्या पानावर ‘ग्रामीण बीजप्रयोगशाळेतील एक अनुभव’ असा मथळा आहे. त्याखालचं एक वाक्य मला आता पाठ झालंय. ‘आमच्या प्रणालीमुळे एका अल्पशिक्षित महिला कर्मचाऱ्याच्या मोजणीतील सातत्यपूर्ण चुका प्रथमच उजेडात आल्या.’ सातत्यपूर्ण. हा शब्द लिहिताना तुझा हात अडखळला नाही? ती अल्पशिक्षित महिला म्हणजे लॅबमध्ये कोंब मोजणाऱ्या, धावडा गावच्या नंदाबाई. त्यांचं नाव तू लिहिलं नाहीस, त्याला तू सभ्यपणा समजत असशील. मला तर तो घाबरटपणा वाटला.

तू विसरला असशील, किंवा विसरल्याचं सोंग घेत असशील, म्हणून सगळं पहिल्यापासून मांडते. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर औद्योगिक वसाहतीतल्या त्या बियाणे तपासणीच्या लॅबचे मॅनेजर काकासाहेब आपल्याकडे आले. मामा चौकात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर आपली ती खोली, पाच कॉम्प्युटर, त्यातले तीन चालणारे, आणि बाहेर पाटी : जाव्हा शिकवणारा जालन्यातला पहिला क्लास. काकासाहेब पाटीखाली उभे राहून दोन मिनिटं ती वाचत होते. त्यांना जाव्हा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण पहिला म्हणजे काय ते माहीत होतं. त्यांना हवा होता साधा प्रोग्रॅम. बियाण्याचा लॉट आला, तपासणी झाली, उगवण शेकडा किती ते घातलं, की पास की नापास ते कागदावर छापून यावं. शुद्धता आणि ओलावा यांचेही रकाने होते, पण खरा निकाल उगवणीवर. आधी गहू आणि हरभरा. दोन्हींची रेघ पंच्याऐंशीची. पंच्याऐंशीच्या खाली ते नापास.

हे काम एका मेथडचं होतं. पण मी तेव्हा पुस्तकातलं ओव्हरलोडिंगचं प्रकरण नुकतंच वाचलं होतं आणि मला ते येतं हे जगाला दाखवायची हौस होती. म्हणून ‘बियाणे’ या मूळ क्लासात मी ‘निकाल’ नावाच्या दोन मेथड लिहिल्या. एक पूर्ण आकडा घेणारी, एक टिंबानंतरचे अंक असलेला आकडा घेणारी. आकडा टाइप करायच्या स्क्रीनमध्येही मीच युक्ती घातली. टिंब दिसलं तर दशांशाची मेथड, टिंब नसलं तर पूर्णांकाची. गरज कुणाला होती? कुणालाच नाही. तू मागून खांद्यावरून बघत होतास आणि वा म्हणालास. तुझं वा ऐकायला मला तेव्हा फार आवडायचं. हेही आता सांगून टाकते. त्या दिवसांत तुझी आई एकदा आमच्या घरी चहाला येऊन गेली होती आणि माझ्या आईनं तो कपबशांचा सेट पुढे वर्षभर वेगळा ठेवला होता. असो. ते या पत्राचं कारण नाही.

जानेवारीत काकासाहेब म्हणाले, कापसाचं बियाणंही घ्या, त्याची रेघ पंच्याहत्तरची. हे काम तू केलंस. ‘कापूस’ हा ‘बियाणे’चा लेक क्लास. लेकीला आईचं सगळं मिळतं, वेगळं हवं तेवढंच नव्यानं लिहायचं, हे तू फळ्यावर मांजर काढून शिकवत होतासच. ‘निकाल’ नव्यानं लिहिणं आलं. पण आईकडे ‘निकाल’ नावाच्या दोन मेथड होत्या आणि तू लेकीसाठी एकच लिहिलीस, दशांशाची. मी विचारलं होतं, दुसरी नको का? तू म्हणालास, दशांशात पूर्णांक आलाच की. मी मानलं. तुझ्या बोलण्यात इतका रुबाब होता की ते खरंच असणार. वास्तविक ते खोटं होतं. टिंबाचा आकडा दिला की लेकीची मेथड चालायची आणि रेघ पंच्याहत्तरची. टिंब नसलं की लेकीकडे तिची अशी मेथड नव्हती, मग आईकडून आलेली चालायची आणि कापसाला गव्हाची रेघ लागायची, पंच्याऐंशीची. कुठे बोंब नाही, कुठे एरर नाही. मुकाट्यानं चुकीचा निकाल छापून यायचा.

आता लॅबमधल्या दोन टेबलांचं सांगते. एक शिवाजीचं. कृषी पदविका झालेला, खिशात कॅल्क्युलेटर. चार ट्रे, प्रत्येकात वाळूत शंभर बिया. चार ट्रेमधले कोंब मोजायचे, बेरीज करायची, चारानं भागायचं. कॅल्क्युलेटरवर जे येईल ते तो दोन अंकांपर्यंत लिहायचा. सत्त्याहत्तर पॉइंट पन्नास. नेमका आकडा आला तरी अठ्ठ्याहत्तर पॉइंट शून्य शून्य. दुसरं टेबल नंदाबाईंचं. त्यांना वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे ओळखता यायचे आणि काढता यायचे. त्यांची पद्धत तुला आठवते का? चारही ट्रेमधले चांगले कोंब उपटून ओल्या कापडावर घ्यायचे आणि चार-चार कोंबांची एकेक ढिगली लावायची. जितक्या ढिगल्या तितके टक्के. चारशे बियांत चारचा एक ढीग म्हणजे शंभरात एक. कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. शेवटी एक, दोन किंवा तीन कोंब उरले तर ते बाजूला. मी एकदा विचारलं होतं की उरलेल्यांचे पाव, अर्धा लिहीत का नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, “मॅडम, पाव बी कुठं उगवून राह्यलंय का? उगवलं तं उगवलं, न्हाई तं न्हाई.” मोजताना पहिल्या ढिगलीला त्या एक म्हणायच्या नाहीत, लाभ म्हणायच्या, धान्य मापताना म्हणतात तसं. लाभ, दोन, तीन. तू ते ऐकून हसला होतास आणि मला कानात म्हणाला होतास की ही बाई शून्यापासून मोजते की काय. मीही हसले होते. तुझ्याबरोबर हसायची सवय लागली होती.

म्हणजे नंदाबाईंच्या आकड्यात टिंब कधीच नव्हतं. आणि भोकरदन तालुक्यातल्या, धावड्याकडच्या कापसाचे लॉट त्यांच्याच टेबलावर यायचे, कारण ती माणसं त्यांच्या ओळखीची. मार्च दोन हजार तीनमध्ये धावड्याचे अकरा लॉट गेले आणि अकराच्या अकरा नापास छापून आले. शिवाजीकडचे परतूर-अंबडचे पास. तू कधी क्रॉसिंगचं, म्हणजे संकरित बियाण्याचं शेत पाहिलं नाहीस. संध्याकाळी एकेक कळी सोलायची, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या फुलाचा पराग तिला लावायचा, असे दोन महिने. नंदाबाईंचा दीर कचरू आणि जाऊ सगुणाबाई यांनी वीस गुंठ्यांवर ते केलं होतं. बाकी दहा घरांनीही केलं होतं. त्या दहांचं बियाणं सरकी म्हणून तेलाच्या मिलला गेलं. कचरूनं मात्र लॅबमध्ये येऊन भांडण केलं, म्हणून त्याचा लॉट शिवाजीकडून पुन्हा तपासला. पास झाला. झालं. दुसऱ्याच्या हातात पास आणि सख्ख्या भावजयीच्या हातात नापास. गावाला याहून जास्त पुरावा लागत नाही. बांधावरून या दोन घरांत जुनी कुरबुर होती, तिचा डाव नंदाबाईंनी साधला असं ठरलं.

गिरिधर, ते दोन कागद माझ्यासमोर आहेत. माझ्याकडे प्रती होत्या. एकावर सत्त्याहत्तर, नापास. दुसऱ्यावर सत्त्याहत्तर पॉइंट पन्नास, पास. दोघांची मोजणी एकच आली होती. ढिगल्या लावून आणि कॅल्क्युलेटर लावून. तुला ते दिसलं नाही, मला दिसलं नाही, काकासाहेबांना दिसलं नाही. आपण तिघांनी फक्त शेवटचा शब्द वाचला. आपण शिकलेली माणसं, आपल्याला आकडे वाचायची गरज काय?

वाचले ते एकट्या नंदाबाईंनी. कचरूचा लॉट पास झाला त्या दिवशी काकासाहेबांच्या खोलीत त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा करत विचारलं होतं, “साहेब, कापसाला पंच्याहत्तर लागतेत ना? मंग सत्त्याहत्तर नापास कसं?” सगळ्या खोलीत तेवढा एकच शहाणा प्रश्न होता. आणि तू, खुर्चीत मागे रेलून, पाय हलवत म्हणालास, “बाई, कॉम्प्युटर नुसती उगवण बघत नाही, बाकीचंही बघतो.” काय बघतो ते तू सांगितलं नाहीस, कारण तुला माहीत नव्हतं. काकासाहेबांनी मान हलवली. ते कॉम्प्युटरला देवघरातल्यासारखी रोज उदबत्ती ओवाळायचे, ते दुसरं काय करणार? मग त्यांनी आपल्याला प्रोग्रॅम तपासून लेखी द्यायला सांगितलं. तपासला मी. दहा वेळा आकडे घातले आणि दहाही वेळा टिंब देऊन घातले, कारण टिंबाशिवाय आकडा लिहिणं मला अडाणीपणाचं वाटायचं. दहाही निकाल बरोबर. ‘प्रोग्रॅममध्ये कोणताही दोष आढळला नाही’ असा कागद केला आणि खाली दोघांनी सह्या केल्या. तुझी सही लांबलचक, खाली दोन रेघा ओढलेली. त्या आठवड्यात नंदाबाईंना कामावरून काढलं. जूनमध्ये तू पुण्याला गेलास. मुलाखतीत हाच प्रोग्रॅम दाखवलास, एकट्याचा म्हणून. मी त्याबद्दल कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. घे तो तुला. माझ्याकडून बक्षीस.

पुढच्या वर्षी, जून दोन हजार चारला, मी नव्या बॅचला ओव्हरलोडिंग शिकवत होते. कुत्र्या-मांजरांचा कंटाळा आला म्हणून तो जुना प्रोग्रॅम काढला, माझ्याकडच्या फ्लॉपीवरचा. फळ्यावर लिहिलं : कापूस, उगवण अठ्ठ्याहत्तर, निकाल काय येईल? मीच मोठ्या ऐटीत सांगितलं, पास. एंटर दाबलं. नापास. बावीस मुलं माझ्याकडे बघत होती. मला वाटलं टायपिंग चुकलं, पुन्हा घातलं. नापास. टिंब देऊन घातलं. पास. मी फळ्यापाशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ओल्या कापडावरच्या त्या ढिगल्या होत्या. मुलांना सांगितलं की आज इथंच थांबू. खाली येऊन चौकातल्या बूथवरून तुला फोन लावला. तू मीटिंगमध्ये होतास. दुसऱ्यांदा लावला तेव्हा तू हसलास आणि म्हणालास, “अगं, ते मी केव्हाच नीट केलं. जायच्या आधी, मे महिन्यात. दोन ओळींचं काम होतं.”

मे महिन्यात. म्हणजे नंदाबाई घरी बसल्यावर दोन महिन्यांच्या आत तुला चूक सापडली होती. तू लॅबमध्ये गेलास, दोन ओळी टाकल्यास, चहा प्यालास आणि परतूरची गाडी पकडलीस. कुणाला एक शब्द नाही. मी विचारलं की त्या बाईंचं काय, तर म्हणालास, जुनं झालं, उकरून कुणाचं भलं होणार आहे, तुझ्याच क्लासचं नाव जाईल. भ्याड माणसाला दुसऱ्याच्या भल्याची काळजी कशी बरोबर वेळेवर सुचते.

आणि आता तुझ्याहून जास्त किळस जिची येते तिच्याबद्दल लिहिते. त्या फोननंतर मी सतरा महिने गप्प बसले. तुझं ते शेवटचं वाक्य मला पटलं होतं. क्लासचं नाव. जालन्यातला पहिला. पाटी नव्यानं रंगवून घेतली होती. माझ्या घरी आई होती, भारनियमनात बंद पडणारे कॉम्प्युटर होते, नव्या ॲडमिशन होत्या, कारणं हवी तितकी मिळतात. सातत्यपूर्ण चुका कुणाच्या, हे तुला लिहायचंच होतं तर माझं नाव लिहायचं होतंस. तुझा अडीच वर्षांचा मुकेपणा आणि माझा सतरा महिन्यांचा, यांत मोठा कोणता हे मला ठरवता येत नाही. फरक इतकाच की मी त्यावर लेख लिहून फोटो छापून घेतला नाही.

तुझा लेख वाचला त्या दिवशी घरी लाडू वळणं चालू होतं. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. तिला सगळं माहीत नव्हतं. ती म्हणाली, कुणीतरी बावळट बाई असेल. मला तेव्हा कळलं की छापून आलं की ते असंच खरं होतं, माझ्या आईच्या तोंडीसुद्धा. भाऊबीज उरकली आणि रविवारी भोकरदनची एसटी धरून मी धावड्याला गेले.

नंदाबाई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होत्या. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत आलेली. मला त्यांनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही कसं काय आल्त्या इकडं?” आणि वेचणं थांबवलं नाही. मी त्यांच्या ओळीच्या बाजूनं चालत सांगायला लागले. जाव्हा, क्लास, मेथड यातला एकही शब्द कामाचा नव्हता. शेवटी बांधावर बसून सरकीचे दाणे मांडले. म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये आम्ही कापसासाठी दोन चाळण्या बसवल्या होत्या. आकड्याला टिंब असलं की तो कापसाच्या चाळणीत जायचा. टिंब नसलं की गव्हाच्या चाळणीत. गव्हाची चाळणी बदलायची राहून गेली. तुमच्या आकड्याला टिंब नव्हतं. त्यांनी दोन दाणे बोटानं बाजूला सरकवले. मग म्हणाल्या, “म्हंजी मी उरलेलं धरलं न्हाई म्हणून?” मी म्हटलं, नाही, तुम्ही केलं ते बरोबर होतं, आम्ही चाळणी लावली ती चुकीची होती. तुला सांगते गिरिधर, इतक्या वर्षांत मी ओव्हरलोडिंग कुणाला इतकं नीट समजावलं नव्हतं, आणि समजावताना मला इतकी शरमही कधी वाटली नव्हती.

मला वाटलं त्या रागावतील. रागावायला हव्या होत्या. मी त्यासाठीच गेले होते म्हण. पण त्यांनी एकच विचारलं, “मंग माझी मोजणी बराबर होती ना?” मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, तोंडावरून पदर फिरवला आणि उठून ओटीतला कापूस गाठोड्यात ओतला. मग उभ्या उभ्या सांगितलं की कचरूच्या मोठ्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. ती पोर सगुणाबाईंच्या दुखण्यात त्यांच्याच मांडीवर वाढली. गावात घरोघरी आमंत्रणाची सुपारी फिरली, त्यांच्या दारी आली नाही. अडीच वर्षांत कचरू त्यांच्याशी बोलला नाही, आणि ज्या दहा घरांचं बियाणं मिलला गेलं त्या बायका विहिरीवर त्यांच्या बादलीला बादली लागू देत नाहीत. मी म्हटलं, चला, आत्ता कचरूकडे जाऊ, मी सांगते. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “तोंडी न्हाई, मॅडम. माझ्यावर आलं ते कागदानं आलं. त्याच्यावर दोन सह्या व्हत्या. कचरूनं त्या पाहेल हायेत. आता एकच सही आणली तं म्हणंल, बाईबाईनं मिळून केलं.”

म्हणून हे पत्र लिहिलं. तुझ्या लेखावर मत द्यायला मी एवढी शाई खर्च केली नसती. सोबत एक कागद आहे. त्यावर इतकंच आहे : मार्च २००३ मध्ये नापास ठरलेल्या धावड्याच्या अकरा लॉटची मोजणी नंदाबाईंनी अचूक केली होती. चूक आम्ही दोघांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमची होती, आणि दोष नाही असं आम्ही लिहून दिलं ते खोटं ठरलं. खाली माझी सही आहे. शेजारी तुझं नाव लिहून जागा मोकळी सोडली आहे, खाली दोन रेघा ओढता येतील एवढी. तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलंय. तुळशीचं लग्न उरकल्यावरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा धावड्याला जाणार आहे, कचरूच्या अंगणात तो कागद वाचून दाखवायला, त्या दहा घरांना बोलावून. पाकीट आलं तर दोन सह्यांनिशी वाचीन. नाही आलं तर माझ्याजवळची दुसरी प्रत वाचीन, तुझ्या मोकळ्या जागेसकट, आणि तुझी स्मरणिकाही बरोबर नेईन, फोटो उघडून. आपला क्लास त्यानंतर राहिला तर राहिला. नंदाबाईंना अक्षर येत नाही, पण रिकामी जागा कोणाची आहे ते त्या बरोबर ओळखतील.

एकेकाळी तुझीच,
शरयू